चौकोनी झाकण

आमच्या परसातील आडाचे झाकण मी आत टाकले. हे वाक्य मी आजवर कोठे लिहिले नव्हते, आणि अलीकडचा एक प्रसंग सोडला तर कधी उच्चारलेही नव्हते. जन्मभर मी शाळेत भूमिती शिकवली. काटकोन चौकोनाचे गुणधर्म फळ्यावर लिहिताना समोरासमोरच्या बाजू सारख्या, चारही कोन काटकोन, येथवर माझा खडू सुरळीत चाले. कर्णापाशी आला की थांबे. मुलांना वाटे, मास्तर विचार करीत आहेत. मी विचार करीत नसे. मी ऐकत असे. खोल, ओल्या जागी काहीतरी जड आपटल्याचा आवाज, आणि त्यामागून आलेली एक हाक. मग मी पुढचा गुणधर्म लिही: कर्ण बाजूपेक्षा नेहमी मोठा असतो. ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो असतो तर किती बरे झाले असते.

आमचे घर पंचवटीत, गंगेपासून, म्हणजे आमच्या गोदावरीपासून, हाकेच्या अंतरावर. नानांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, खानदेशातल्या कित्येक गावांचे यजमानकृत्य होते. वैशाखात लग्नसराईच्या जोडीने श्राद्धे आणि अस्थिविसर्जने आटोपायला माणसे येत, आणि त्यांचा मुक्काम आमच्याच माडीवर पडे. सकाळपासून घरात तीन आवाज एकमेकांत मिसळलेले असत: माडीवर नव्या माणसांचे अहिराणी बोलणे, स्वयंपाकघरात पोळपाटावर फिरणारे लाटणे, आणि परसात रहाटाचे कुरकुरणे. पहिला आवाज माणसांबरोबर बदले, दुसरा जेवणे झाली की थांबे. रहाट मात्र दिवसभर बोलत असे. उन्हाळ्यात गंगेचे पात्र रोडावले की सारी भिस्त त्या आडावर. आडाचे पाणी तळाला गेले, की गाळ काढायला दगडू यायचा, आणि त्याच्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ म्हादू. दोघे जातीचे कोळी. गंगेच्या पुरात पोहणारे, बुडणाऱ्या यात्रेकरूंना केसांना धरून काठावर आणणारे.

ज्या उन्हाळ्याची ही हकिगत आहे, त्या उन्हाळ्यात मला मोजण्याचे वेड लागले होते. मी मॅट्रिकच्या वर्गात जाणार होतो आणि क्षेत्रफळाची सूत्रे मला नुकतीच उमगली होती. ज्याला लांबी-रुंदी आहे ते सर्व माझ्या ताब्यात आले आहे, असे मला वाटू लागले. मी ओटा मोजला, देव्हारा मोजला, जेवणाचे पाट मोजले, आईने कुरडया घालायला अंथरलेले धोतर मोजले आणि त्यावर आणखी किती कुरडया मावतील ते तिला सांगितले. एकदा तव्यावरून उतरलेल्या पोळीचा व्यास पट्टीने घेऊन मी तिचे क्षेत्रफळ काढले, तेव्हा आई हसून म्हणाली, “पोळीचं काढलंस, आता भूक किती चौरस इंच लागली आहे तेही काढ, म्हणजे मला कणीक भिजवायला बरं.” नाना मात्र कौतुकाने पाहत. त्यांना संहिता मुखोद्गत होती, पण पट्टी आणि परकार यांचे त्यांना अप्रूप होते. यजमानांसमोर ते मला बोलावून म्हणत, “विचारा ह्याला खोलीचं माप, तोंडपाठ सांगेल आमचा बाबू.” दगडूने तर मला नावच ठेवले होते. बाजारात धान्य मोजून देणाऱ्या माणसाला मापाडी म्हणतात, परसात पाऊल टाकताच तो ओरडे, “काय मापाडी, आज काय काय मोजलं?”

आडाचे तोंड चौरस होते. चार चिऱ्यांची चौकट, आणि त्या चिऱ्यांत झाकण बसावे म्हणून कोरलेली खाच. जुने झाकण कुजले होते. माडीवर उतरलेल्या एका यजमानाचे मूल त्यावर उभे राहिले आणि फळी करकरली, तेव्हा नानांनी त्याच दिवशी नवे करून घ्यायचे ठरवले. माप घ्यायचे काम अर्थातच माझ्याकडे आले. आतले तोंड तीस इंच चौरस, खाचेसकट तेहतीस. मी कागदावर दोन चौरस काढले, एकात एक, आणि ओट्यावर सर्वांना गोळा करून समजावले. तोंडाचे क्षेत्रफळ नऊशे चौरस इंच. झाकणाचे एक हजार एकोणनव्वद. लहानात मोठे जात नाही. म्हणून हे झाकण आडात पडणे अशक्य आहे. सुताराने मी सांगितले तसे सागवानाचे, दोन बोटे जाड, पोलादी पट्टी मारलेले झाकण आणून दिले. वाळवी लागू नये म्हणून त्याला डांबर फासले. वैशाखाच्या उन्हात ते दिवसेंदिवस चिकटच राहिले.

आईने ते पाहिले तेव्हा ती म्हणाली, “भांड्यांची झाकणं वाटोळी असतात. हे चौकोनी का रे केलंस?”

“तोंड चौकोनी आहे म्हणून.”

“आणि उभं धरलं तर?”

“उभं कशाला धरायचं? आणि धरलं तरी क्षेत्रफळ तेवढंच राहतं, आई.”

तिने हातातल्या पातेल्यावरचे झाकण उचलले, ते उभे करून पातेल्याच्या तोंडावर या बाजूला, त्या बाजूला फिरवून पाहिले आणि पुन्हा नीट ठेवले. कोणत्याही अंगाने ते आत शिरत नव्हते. “माझ्या स्वयंपाकघरात एवढी झाकणं आहेत,” ती म्हणाली, “एकही कधी आमटीत पडलं नाही.” मी हसलो. पण ते उभे फिरणारे वाटोळे झाकण माझ्या डोळ्यांपुढून हलेना. अंथरुणावर पडल्या पडल्या मी बोटाने हवेत चौरस काढला, त्याचा एक कोपरा समोरच्या कोपऱ्याला जोडला, आणि ताडकन उठून बसलो. ती रेघ तीस इंचांची नव्हती. ती बेचाळिसांच्याही वर जात होती.

सकाळी दगडू आणि म्हादू आले तेच भांडत. म्हादूला मनमाडला रेल्वेत खलाशाचे काम मिळत होते आणि दगडू सोडायला तयार नव्हता. परसातले त्यांचे बोलणे माडीपर्यंत ऐकू येत होते.

“तू मनमाडला इंजिनं पुसत बसलास तर हितं दोर कोण धरंल?”

“दुसरं कोणीबी धरंल. पगार हाय तिथं, दादा. महिन्याच्या महिन्याला.”

“दुसऱ्याच्या हाती दोर दिऊन मी आडात उतरू? लय शहाणा हाय!”

“मंग राहा आडातच!” म्हादू ओरडला.

आमच्या स्वयंपाकघरापर्यंत, माडीपर्यंत, सगळ्यांनी ते वाक्य ऐकले. पण भावाभावांचे भांडण. त्याला कोणी किंमत दिली नाही. दगडूनेही दिली नाही, कारण उतरण्यापूर्वी त्याने नेहमीची रीत पाळली. त्यांच्यात अशी रीत होती की आडात उतरणाऱ्याने आपली पानतंबाखूची चंची दोर धरणाऱ्याच्या हाती द्यायची, आणि वर आल्यावर पहिल्यांदा ती परत मागून घ्यायची. चंची मागितली म्हणजे माणूस वर आला. चंची घेतली म्हणजे दोर धरणाऱ्याशी हिशेब चुकता झाला. दगडूने कनवटीची चंची काढून म्हादूकडे भिरकावली, म्हादूने ती हवेतच झेलली, आणि दोघेही हसले. म्हादूने गोणपाटाचा तुकडा हातांत घेऊन डांबराचे झाकण उचलले आणि रहाटाच्या खांबाला टेकवून उभे केले. गोणपाटामुळे त्याचे हात स्वच्छ राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवावी. मी ती आयुष्यभर लक्षात ठेवली आहे.

गाळाची पाटी वर आली की म्हादू ती परसाच्या टोकाला शेवग्याखाली रिकामी करून येई. एकदा तो तसा गेला असता मी आडापाशी गेलो. मला कोणाला काही करायचे नव्हते. रात्री सुचलेले खरे की खोटे एवढेच मला पाहायचे होते, आणि खरे निघाले तर माझ्या ओट्यावरच्या व्याख्यानाचे काय, ही टोचणी मला स्वस्थ बसू देत नव्हती. गोणपाट म्हादूच्या खांद्यावर होता. मी नुसत्या हातांनी झाकण उचलले, उभे केले, त्याचे एक टोक चौकटीच्या कोपऱ्यावर टेकवले आणि दुसरे टोक समोरच्या कोपऱ्याकडे वळवू लागलो. दोन्हीकडे किती जागा उरते, तेवढे डोळ्यांनी पाहायचे आणि झाकण पुन्हा खांबाला टेकवायचे. दगडू खाली आहे हे मला माहीत होते. माहीत असणे आणि ध्यानात असणे यांत अंतर असते. ते अंतर मोजणारी पट्टी मला आजवर सापडलेली नाही. टेकवलेले टोक खाचेवरून घसरले, सारे वजन माझ्या हातांवर आले, डांबराने माझी कातडी ओढल्यासारखे झाले, आणि मग हातांत काहीच उरले नाही. झाकण चिऱ्यांना न खरचटता, सुरेख, सरळ आत गेले. माझे गणित बरोबर होते.

आवाज आला. त्यामागून हाक आली: “म्हादूऽ!”

मी बोळातून पुढच्या दारी पळालो. शेवग्याखाली पाटी टाकून म्हादू धावत आडाशी आला. माडीवरचे यजमान आणि नाना परसात पोहोचले तेव्हा त्यांना आडापाशी एकटा म्हादू दिसला, आणि खालून पुन्हा पुन्हा त्याचेच नाव येत होते. मदतीसाठी मारलेली हाक होती ती. संकटात माणूस दुसऱ्या कोणाचे नाव घेणार? पण वर जमलेल्यांना ती फिर्यादीसारखी ऐकू आली. म्हादू दोर धरून खाली उतरला, त्याने भावाला छातीशी बांधून घेतले, आणि चौघांनी दोघांना वर ओढले. दगडूचा उजवा खांदा जागेवर नव्हता. त्याला ओट्यावर निजवले, आईने हळद-गूळ कालवून आणला, वैद्यांना निरोप गेला. धाप लागलेला, गाळाने माखलेला म्हादू भावाशेजारी गुडघ्यांवर बसला, आणि त्याने चंची काढून पुढे केली.

नाना म्हणाले, “एवढं मोठं झाकण त्या तोंडातून गेलंच कसं?”

“आपसूक सरकलं आसंल, नाना. म्या शेवग्याखाली व्हतो. देवाची आन.”

नानांनी सभोवार पाहिले आणि मला बोलावले. मी हात मागे बांधून उभा राहिलो. “बाबू, तू माप घेतलंस. झाकण आपोआप सरकून आत पडू शकतं का?”

सर्वजण माझ्याकडे पाहत होते. प्रश्नाचे अचूक उत्तर मला येत होते, आणि तेवढेच मी दिले. “नाही. आडवं ते जाऊच शकत नाही, तोंडापेक्षा त्याचं क्षेत्रफळ जास्त आहे. कोणीतरी उभं करून, कोपऱ्याला कोपरा लावून सोडलं तरच जाईल.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. पुढे अनेक वर्षे मी स्वतःला हेच समजावत राहिलो, आणि प्रत्येक वेळी ते समजावणे अधिक घाणेरडे वाटत गेले. म्हादूपाशी बचावाची एकच गोष्ट होती, झाकण आपसूक सरकले ही. ती मी आकडे सांगून काढून घेतली. ओट्यावर कोणीतरी पुटपुटले, “राहा आडातच म्हणाला होता.” दगडूने डोळे उघडले. म्हादूच्या हातातली चंची त्याच्या तोंडासमोर होती. त्याने डावा हात उचलला आणि ती बाजूला सारली. त्या दिवशी परसात कोणीही न्यायनिवाडा केला नाही. त्या एका हाताने सगळा केला. कोणी आकडे न ऐकता हात पाहिले असते, तर ओट्यावर डांबराने काळे झालेले हात एकाच माणसाचे होते.

एका व्यक्तीने ते पाहिले. जेवायच्या वेळी मी पाटावर बसलो, तेव्हा आईने वाढायच्या आधी माझी दोन्ही मनगटे धरून हात उलटे केले. ताटात आमरस होता, कुरडया तळल्या होत्या. माडीवरच्या माणसांसाठी सकाळीच सगळे करून ठेवलेले. ती आत गेली, गोडेतेलाची वाटी आणि फडके घेऊन आली, आणि माझ्या तळहातांवरचे डांबर एकेका बोटाच्या पेऱ्यातून पुसून काढले. तिने एक शब्द विचारला नाही. काळे झालेले फडके तिने चुलीत टाकले, आणि म्हणाली, “जेव.” मी जेवलो. डांबर जळल्याचा वास स्वयंपाकघरात भरून राहिला होता, आणि मी आमरस जेवलो. त्यानंतर आजतागायत मला आंबा खाववत नाही; तो मला बाधतो, असे मी लोकांना सांगतो.

म्हादू मनमाडला गेला तो परतला नाही. दगडूचा उजवा हात खांद्यातून पुन्हा वर झाला नाही. आडात उतरणे संपले, पोहणे संपले. गंगेच्या घाटावर डाव्या हाताने द्रोणांत फुले लावून विकत तो बसू लागला. नानांनी त्याला वर्षाचे धान्य लावून दिले आणि आडावर नवे झाकण बसवून घेतले. ते मी मोजले नाही. आईने सुताराला स्वतः सांगून खाली आडव्या दोन जाड पट्ट्या मारून घेतल्या, झाकण कसेही धरले तरी अडावे अशा. आमच्या घरात भूमितीवर त्यानंतर कोणी बोलले नाही. आणि घाटावरून जाताना दगडू मला पूर्वीसारखाच हाक मारी, “काय मापाडी, बरं हाय ना?” त्या हाकेत लवमात्र संशय नसे. तो संशय घेता तर मी सोसले असते. नोकरी लागताच मी गंगेच्या पलीकडे बिऱ्हाड केले आणि घाट टाळून जाण्याचे रस्ते पाठ केले.

मागच्या वर्षी आई गेली. तिचे दिवस झाल्यावर मी एकटा परसात उभा होतो. आड केव्हाच बुजवला आहे. चिऱ्यांची चौकट तेवढी जमिनीत दिसते. तिच्याकडे पाहताना मला एकदम कळले की इतकी वर्षे मी हे ओझे एकट्याने वाहत नव्हतो. अर्धे तिने वाहिले होते, माझ्यासाठी, माझ्या वतीने, आणि आता तिच्या वाट्याचेही माझ्याकडे आले होते. मी मनमाडची गाडी धरली.

रेल्वेतून निवृत्त झालेला म्हादू एका चाळीच्या दारात गव्हातले खडे निवडत बसला होता. माझे नाव सांगितले तेव्हा तो उठून उभा राहिला. मी खाली बसलो आणि जे सांगायचे ते हळू आवाजात सांगितले. मी नेहमीच हळू बोलतो.

“म्या टाकलं नाय, हे मला ठावं व्हतं,” शेवटी तो म्हणाला. “दादा नाय, म्या नाय. मंग राहिलं कोण? त्याच दिशी कळलं मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“कोणापुढं? भटाचं पोर मापं सांगतंय आन् म्या कोळ्याचा.” त्याने वाकून गव्हातला एक खडा बाजूला टाकला. “मला सांगून काय उपेग, मास्तर? मला तर ठावंच व्हतं. ज्याला ठावं नाय त्याला सांगा.”

त्याने आत जाऊन ट्रंक उघडली आणि सदरा बदलून माझ्याबरोबर निघाला. गाडीत तो खिशावर हात ठेवून बसला होता.

दगडू अजून आपल्या जुन्याच गल्लीत राहतो, घाटाच्या वरच्या अंगाला. दाराबाहेर बाजेवर बसला होता. शेजारच्या बाया नळावर भांडी घासत होत्या, पोरे खेळत होती. मी त्याच्यापाशी वाकून म्हणालो, “दगडू, तुला काही सांगायचं आहे.” तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. त्याची सून म्हणाली, “त्यांना काय बी ऐकू येत नाय. लय मोठ्यानं बोलाया लागतं, पार वरडून.”

मी पुन्हा बोललो. त्याने कानामागे डावा हात धरला. “आँ? कोण? मापाडी का?” आणि त्याचा चेहरा उजळला. “मोठ्यानं बोल की, मापाडी!”

म्हादू गल्लीच्या तोंडाशीच थांबला होता. तो पुढे येत नव्हता. त्याच्या मुठीत एक जुनी, विटलेली चंची होती. नळावरच्या बायांचे हात थांबले होते. मी सरळ उभा राहिलो. वर्गातही मी कधी आवाज चढवला नव्हता. तो कसा चढवतात हेही मला नीटसे माहीत नव्हते. पहिल्यांदा तो फाटला. मग निघाला, आणि गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत गेला.

“दगडूदादा, झाकण मी टाकलं! म्हादूनं नाही, मी! उभं धरून बघत होतो, हातातून सुटलं. म्हादू तेव्हा शेवग्याखाली होता. नानांनी विचारलं तेव्हा मी मापं सांगितली, आणि माझे हात मागे लपवले. तुमचा हात माझ्यामुळे गेला, तुमचा भाऊ माझ्यामुळे गेला. दगडूदादा, ऐकू येतंय ना? मला क्षमा करा!”